राष्ट्रीय प्रयोगशाळा त्यांची, ऊन आपलं: सौर-पवन संशोधनातल्या परदेशी सहकार्यातून आपल्याला काय मिळालं?

मिरजेचा_सूर्य

नमस्कार मंडळी. सांगली-मिरज भागात छतावरचे सौरसंच बसवायचं काम करतो. गिऱ्हाईकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "वर्षाला युनिटं किती पडतील?" त्याचं उत्तर देण्यासाठी मी आणि माझ्यासारखे अनेक जण पीव्हीवॉट्स हे संकेतस्थळ वापरतो. गावाचं नाव टाकायचं, छताचा उतार आणि दिशा सांगायची, की महिन्यामहिन्याचा अंदाज समोर येतो. पैसा लागत नाही.

हे साधन अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, गोल्डन गावच्या एनआरईएल (नॅशनल रिन्यूएबल एनर्जी लॅबोरेटरी) या राष्ट्रीय प्रयोगशाळेने तयार केलेलं आहे. डिसेंबर २०२५ मध्ये त्या प्रयोगशाळेचं नाव बदललं आणि 'नॅशनल लॅबोरेटरी ऑफ द रॉकीज' झालं. 'अक्षय ऊर्जा' हे शब्दच नावातून गेले. त्याआधी मे महिन्यात शंभरावर लोकांना कामावरून कमी केलं होतं.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय. माझं रोजचं काम सातासमुद्रापारच्या एका सरकारी संस्थेच्या आकड्यांवर चाललंय. उद्या त्यांनी हात आखडता घेतला तर? आणि इतकी वर्षं 'भारत-अमेरिका सहकार्य', 'भारत-डेन्मार्क सहकार्य' असं वाचत आलो, त्यातून आपल्या पदरात टिकाऊ असं काय पडलं? जाणकारांनी लिहावं. अनुभव असेल तर आणखी उत्तम.

डेन्व्हरची_मंजिरी

गोल्डन माझ्या घरापासून जवळ आहे, म्हणून थोडा इतिहास सांगते.

१९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेने सौरऊर्जा संशोधनाचा कायदा केला आणि १९७७ मध्ये गोल्डनला सौरऊर्जा संशोधन संस्था सुरू झाली. ३ मे १९७८ ला 'सूर्य दिन' होता. अध्यक्ष कार्टर भाषणाला मुद्दाम तिथे आले आणि नेमका त्याच दिवशी पाऊस! पुढे रेगन आले आणि संस्थेच्या पैशाला मोठी कात्री लागली. संचालक डेनिस हेस यांना १९८१ मध्ये जावं लागलं. पहिल्या वसुंधरा दिनाचे संयोजक तेच. दहा वर्षांनी, १९९१ मध्ये, थोरल्या बुश यांनी याच संस्थेला राष्ट्रीय प्रयोगशाळेचा दर्जा दिला. दोघेही रिपब्लिकन.

म्हणजे ही संस्था एकदा मोठ्या कपातीतून बाहेर आलेली आहे. माझा मुद्दा एवढाच की नाव बदललं म्हणून काम संपलं असं लगेच धरू नका. तिथले डोंगर, वारा, पवनचक्क्यांचं चाचणी मैदान आणि तिथे आयुष्य घातलेली माणसं अजून आहेत. पण काळजी मलाही वाटते. गेलेल्यांमध्ये आमच्या ओळखीचे होते. वीस-वीस वर्षांचा अनुभव असा एका ईमेलने घरी बसतो तेव्हा त्याची भरपाई कशानेही होत नाही.

खुर्ची_टाकून_बसलो

चांगला धागा. वाचतोय. लिहिते राहा.

लातूरचा_रोखठोक

मी स्पष्टच लिहितो. सहकार्य म्हणजे त्यांचा पैसा, त्यांचा विषय, त्यांची मुदत. आपल्याकडच्या अनेक ऊर्जा कार्यक्रमांना यूएसएडचा, म्हणजे अमेरिकन सरकारच्या परदेशी मदत संस्थेचा, पैसा होता. २०२५ मध्ये ती संस्थाच गुंडाळली, आणि कार्यक्रम अर्ध्यावर राहिले. शिवाय त्यांच्या कंपन्यांना बाजारपेठ हवीच असते. कॅडमियम टेल्युराइडच्या पातळ थरांच्या पॅनेलवर गोल्डनमध्ये वर्षानुवर्षं काम झालं, त्याचा मोठा फायदा फर्स्ट सोलर या अमेरिकन कंपनीला झाला, आणि आता त्यांचा कारखाना चेन्नईजवळ उभा आहे. हे सगळं वाईट आहे असं नाही. पण याला परोपकार म्हणू नका.

पवईचा_पाऊस

रोखठोक, परोपकार कोणीच म्हणत नाही. पण एक उदाहरण आतून पाहिलंय ते सांगतो.

२०१२ मध्ये 'सीरियस' नावाचं भारत-अमेरिका सौर संशोधन केंद्र सुरू झालं. नेतृत्व दोघांकडे होतं, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था (आयआयएससी) आणि गोल्डनची एनआरईएल. पाच वर्षांसाठी अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचे सव्वा कोटी डॉलर आणि भारत सरकारकडूनही तितकाच वाटा. म्हणजे पैसा निम्मा आपला होता. बंगळूरला अतिक्रांतिक (खूप दाबाखाली तापवलेल्या) कार्बन डायऑक्साइडवर चालणाऱ्या औष्णिक चक्राची चाचणी यंत्रणा त्यातूनच उभी राहिली. आयआयटी मुंबईही त्यात भागीदार होती.

त्याच काळात पवईच्या राष्ट्रीय फोटोव्होल्टाइक केंद्राने गुरुग्रामच्या सौरऊर्जा संस्थेबरोबर देशभरच्या पॅनेलांची पाहणी केली. २०१३, २०१४, २०१६ आणि २०१८. हे काम अंगमेहनतीचं होतं. उन्हात पॅनेलची व्होल्टेज-करंटची रेघ काढायची, उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्याने तापलेले ठिपके शोधायचे, आणि रात्री अंधारात पॅनेलला उलटा वीजप्रवाह देऊन त्यातून येणाऱ्या अदृश्य उजेडाचा फोटो घ्यायचा. त्या फोटोत सेलमधली केसासारखी भेग काळी उमटते. दिवसा तोच पॅनेल हातात घेतला तर नवाकोरा दिसतो.

निष्कर्ष काय? उष्ण प्रदेशातले पॅनेल थंड प्रदेशातल्यांपेक्षा लवकर थकतात. छतावरचे, छोटे संच जमिनीवरच्या मोठ्या प्रकल्पांपेक्षा जास्त खराब झालेले आढळले. हे ज्ञान गोल्डनमध्ये बसून मिळालं नसतं, कारण तिथे लातूरचा मे महिना नाही. पॅनेलची क्षमता २५ अंशांना मोजतात. आपल्या पत्र्यावर पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापतो आणि दर अंशाला साधारण ०.३५ ते ०.४ टक्के वीज कमी होते. हिशेब करा, १४ ते १६ टक्के तिथेच गेले.

कऱ्हाडची_मुक्ता

छतावरचे जास्त खराब का? मी एक कारण डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या बाजूच्या बिल्डिंगला काम चाललं होतं तेव्हा मजूर पॅनेल आडवा डोक्यावर घेऊन तीन मजले चढत होता. पॅनेल मध्यभागी डोक्यावर टेकलेला, दोन्ही कडा लवलवतायत. काच फुटत नाही म्हणून कोणाला काही वाटत नाही.

पवईचा_पाऊस

मुक्ताताई, अगदी हेच. त्या लवलवण्यातून आतल्या सेलला भेगा जातात. पॅनेल उभा धरून, दोघांनी दोन बाजूंनी न्यायचा असतो.

मिरजेचा_सूर्य

आमच्या पोरांना मी हे पहिल्याच दिवशी शिकवतो. पण कंत्राट-उपकंत्राट झालं की शेवटच्या माणसापर्यंत ही शिकवण पोचत नाही. त्याला रोज किती पॅनेल चढवले त्यावर पैसे मिळतात, मग तो तरी काय करणार.

चाळकेवाडीचं_पठार

सूर्याचं बरंच झालं, जरा वाऱ्याकडे वळू या. मी पवनचक्क्यांच्या देखभालीत आहे. चाळकेवाडी, वनकुसवडे या भागात जे गेले असतील त्यांना पठारावरचा वारा ठाऊक आहे.

सहकार्याचं माझ्या मते सर्वांत फळलेलं उदाहरण डेन्मार्कचं आहे. रोस्किल्डजवळ फ्योर्डच्या, म्हणजे खाडीच्या, काठी रिसो नावाची त्यांची राष्ट्रीय प्रयोगशाळा होती. नील्स बोर यांच्या पुढाकाराने पन्नाशीच्या दशकात अणुसंशोधनासाठी उभी राहिली. १९७८ मध्ये तिथे छोट्या पवनचक्क्यांचं चाचणी केंद्र सुरू झालं. सरकारने पवनचक्की घेणाऱ्याला अनुदान दिलं, पण अट घातली की रिसोने मान्यता दिलेल्या यंत्रालाच. त्यामुळे प्रत्येक लोहार-सुताराला, प्रत्येक छोट्या कारखान्याला आपलं यंत्र त्या शास्त्रज्ञांपुढे आणावं लागलं आणि दोघंही एकमेकांकडून शिकले. १९८५ मध्ये त्यांच्या संसदेने अणुवीज नको असा निर्णय घेतला. अणुप्रयोगशाळा वाऱ्याची झाली. कुठल्या टेकडीवर किती वारा मिळेल हे काढायची वास्प ही संगणक प्रणाली १९८७ मध्ये तिथूनच आली. माझ्या पिढीतला प्रत्येक जण त्यावर शिकला.

आपल्याकडे १९८६ मध्ये रत्नागिरीला, गुजरातमध्ये ओख्याला आणि तमिळनाडूत ५५ किलोवॅटच्या डॅनिश पवनचक्क्या लागल्या. पुढे १९९८ मध्ये चेन्नईला पवनऊर्जा केंद्र सुरू झालं, आता त्याला राष्ट्रीय पवनऊर्जा संस्था म्हणतात. त्याला डेन्मार्क सरकारची मदत आणि रिसोचं तांत्रिक मार्गदर्शन होतं. तमिळनाडूतच कायथारला चाचणी केंद्र उभं राहिलं. डॅनिश लोक गेले, केंद्र राहिलं, आपली माणसं तयार झाली. आज भारतात पवनचक्कीला प्रमाणपत्र हवं तर आपल्या देशात दार ठोठावता येतं.

मिरजकर, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर हे आहे. ज्या सहकार्यातून इथे, आपल्या मातीत, मोजणारं यंत्र आणि मोजणारा माणूस उभा राहिला ते टिकलं.

शिवाजीनगर_वेधशाळा

हवामान खात्यातून निवृत्त झाले आहे, पुण्यातच नोकरी झाली. चाळकेवाडीकरांच्या शेवटच्या ओळीला माझं अनुमोदन. पण यंत्र आणि माणूस या दोन्ही गोष्टी अमेरिका-डेन्मार्कच्याही आधीपासून इथे होत्या, हे तरुणांना ठाऊक असावं.

अण्णा मणी यांचं नाव ऐकलंय का? १९४८ मध्ये त्या लंडनहून उपकरणांचं शिक्षण घेऊन आल्या आणि पुण्यात हवामान खात्याच्या उपकरण विभागात रुजू झाल्या. तोवर आपण साधी उपकरणंही बाहेरून आणत होतो. त्यांनी जवळपास शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून ती इथे बनवायला घेतली. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात देशभर सौरप्रारण, म्हणजे जमिनीवर पडणारं ऊन, मोजणाऱ्या केंद्रांचं जाळं उभं केलं. १९८० मध्ये त्यांनी भारताच्या सौरप्रारणाच्या आकड्यांची जी पुस्तिका काढली, त्या आधारावर आपल्याकडच्या सौर अभियंत्यांची एक पिढी घडली. निवृत्तीनंतर वाऱ्याचं सर्वेक्षणही केलं.

पायरॅनोमीटर, म्हणजे ऊन मोजायचं यंत्र, जवळून पाहिलाय का कोणी? दोन काचेचे घुमट एकात एक, आत काळी चकती. चकती तापते, त्यातून मिलिव्होल्टमध्ये अगदी क्षीण वीज निर्माण होते, ती म्हणजे ऊन. रोज सकाळी घुमटावरचं दव आणि धूळ मऊ फडक्याने टिपायची. बाजूला सिलिका जेलची डबी असते. खडे निळे असतील तर ठीक, गुलाबी झाले की आत दमट शिरलंय, बदला. हे न करणाऱ्या केंद्राचे आकडे कागदावर सुंदर दिसतात आणि खोटे असतात.

आणि सहकार्य म्हणाल तर ते इथे रोजच्या कामात मुरलेलं आहे. जगातलं सगळं ऊन स्वित्झर्लंडमधल्या दावोसच्या जागतिक प्रारण केंद्राच्या मापाने मोजतात. साधारण पाच वर्षांनी देशोदेशीची मानक उपकरणं तिथे नेतात, शेजारी शेजारी उन्हात मांडतात आणि ताडून बघतात. पुणं हे जागतिक हवामान संघटनेचं आशियातलं प्रादेशिक प्रारण केंद्र आहे. गोल्डनची प्रयोगशाळाही दावोसशीच आपलं माप जुळवते. मिरजकर, तुमच्या गोल्डनच्या आकड्यांत आणि पुण्याच्या आकड्यांत मोजपट्टी एकच आहे.

लातूरचा_रोखठोक

वेधशाळाताई, हे मला माहीत नव्हतं, आवडलं. दावोसमध्ये श्रीमंतांची परिषद भरते एवढंच ऐकून होतो. पण मग माझा प्रश्न आणखी धारदार होतो. १९५७ पासून आपल्याकडे जाळं आहे, तर मिरजेतल्या माणसाला अमेरिकन संकेतस्थळ का उघडावं लागतं?

चाळकेवाडीचं_पठार

रास्त प्रश्न. केंद्रं विरळ, आणि आकडे मिळवणं किचकट. २०११ पासून चेन्नईच्या संस्थेने सौरप्रारण मोजणारी नवी केंद्रं उभारली, पहिल्या टप्प्यात ५१. पण सामान्य इन्स्टॉलरने फोनवर दोन बोटं फिरवावीत आणि उत्तर मिळावं, ही सोय एनआरईएलने केली आणि जगाला मोकळी ठेवली. ती दानत आपण शिकायला हवी. जनतेच्या पैशाने मोजलेलं ऊन जनतेला सहज दिसलं पाहिजे. यावर मी कोणाशीही भांडायला तयार आहे.

कळव्याचा_निवृत्त

भारप्रेषण केंद्रात, म्हणजे विजेची मागणी आणि पुरवठा क्षणोक्षणी जुळवतात तिथे, नोकरी झाली. ऊन-वारा मोजणं ही अर्धी गोष्ट, ती वीज तारांत सामावून घेणं ही उरलेली अर्धी. तिथलं एक सहकार्य सांगतो.

२०१५-१६ च्या सुमारास अक्षय ऊर्जेचं १७५ गिगावॅटचं लक्ष्य जाहीर झालं तेव्हा आमच्यातल्या अनेकांचं म्हणणं होतं की एवढी चंचल वीज ग्रिडवर आली तर ग्रिड बसेल. २०१२ च्या जुलैमध्ये उत्तर भारत अंधारात गेला होता, ती आठवण ताजी होती. मग आपल्या राष्ट्रीय भारप्रेषण कंपनीने एनआरईएल आणि अमेरिकेच्याच बर्कली प्रयोगशाळेबरोबर मोठा अभ्यास केला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. १०० गिगावॅट सौर आणि ६० गिगावॅट पवन धरून वर्षभराचं चित्र, दर १५ मिनिटांना काय होईल, हे मांडलं. आकडे आपल्या ग्रिडचे, माणसं दोन्हीकडची.

उत्तर आलं की जमेल. आणि कळीची गोष्ट निघाली ती कोळशावरच्या वीजसंचांची. हे संच किती खाली आणता येतात यावर सगळं अवलंबून. क्षमतेच्या ७० टक्क्यांच्या खाली आणता येत नसतील तर सुमारे ३.५ टक्के सौर-पवन वीज वाया घालवावी लागेल, ५५ टक्क्यांपर्यंत आणता आले तर १.४ टक्के. दुपारी सौरवीज भरपूर असते तेव्हा कोळसा खाली, संध्याकाळी सूर्य गेला की झपाट्याने वर. ऐकायला सोपं आहे. बॉयलर चालवणाऱ्याला विचारा. ज्वाला स्थिर ठेवायची, नळ्यांवरचा ताण सांभाळायचा, आणि वरून फोन चालूच.

तो अहवाल आला म्हणून चर्चा 'होईल की नाही' इथून 'कसं करायचं' इथे आली. रोखठोकसाहेब, त्या अभ्यासात यूएसएडचाही पैसा होता हे खरं. पण त्यातून आपल्या मुलांना जे गणित बसवता आलं ते कोणी परत घेऊन जाऊ शकत नाही.

लातूरचा_रोखठोक

काका, हे मान्य. मुलं शिकली हा मुद्दा मी धरलाच नव्हता.

इचलकरंजी_धागेवाला

थोडं विषयांतर. छतावर पाच किलोवॅट आहे. बोअरच्या पाण्याने धुतो तर काचेवर पांढरे डाग राहतात. उपाय? आणि शेजारच्या कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की काळी राख बसते ती वेगळीच.

मिरजेचा_सूर्य

धागेवाले, धाग्यावर आलात हे बरं झालं :) बोअरच्या पाण्यात क्षार असतात. पाणी काचेवर वाळू देऊ नका, रबरी वायपरने लगेच ओढून घ्या. शक्यतो पावसाचं साठवलेलं किंवा मऊ पाणी वापरा. भर दुपारी धुऊ नका, तापलेल्या काचेवर थंड पाणी पडणं वाईट. सकाळी लवकर उरका. चिपाडाची राख आधी कोरड्या मऊ ब्रशने झटका, ओली केली की लेप बसतो. आणि पाचट पेटवण्याच्या दिवसांत आठवड्यातून दोनदा तरी बघा.

सोलापूर_एमएस्सी

मी भौतिकशास्त्रात एमएस्सी करतेय. या क्षेत्रात संशोधन करायचंय. आता अमेरिकेत जाणं शहाणपणाचं आहे का?

डेन्व्हरची_मंजिरी

बाळा, एकाच दाराशी उभी राहू नकोस. जर्मनीत फ्राइबुर्गची फ्राउनहोफर सौर संस्था आहे, डेन्मार्कमध्ये रिसोचं काम आता तंत्रविद्यापीठाचा भाग आहे, नेदरलँड्स आहे, ऑस्ट्रेलिया आहे. पेरोव्स्काइट या नव्या पदार्थाच्या सौर सेलची सुरुवात २००९ मध्ये जपानमध्ये ३.८ टक्के कार्यक्षमतेवर झाली होती. आज सिलिकॉनवर पेरोव्स्काइट चढवलेला सेल ३४ टक्क्यांच्या पुढे गेलाय. २०२५ मध्ये ३४.८५ टक्क्यांवर पोचलेला सेल चिनी कंपनीचा, आणि त्याची मोजणी प्रमाणित केली गोल्डनने. विज्ञान असं चालतं.

पवईचा_पाऊस

आणि आधी पवई, बंगळूर, पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (एनसीएल) यांच्याकडे उन्हाळी प्रकल्पासाठी अर्ज कर. एनसीएलमध्ये हायड्रोजन इंधनघटावर काम झालंय, २०२२ मध्ये त्यावर चालणारी बस पुण्यात दाखवली होती. हाताने काम केलेलं असेल तर बाहेरचे प्राध्यापक पत्राला उत्तर देतात.

मिरजेचा_सूर्य

सगळ्यांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाकडे येतो.

आजपासून मी एकाच साधनावर विसंबणार नाही. पीव्हीवॉट्सबरोबर युरोपियन आयोगाचं पीव्हीजीआयएस आणि जागतिक बँकेचा सौर नकाशा, दोन्हीवर तेच छत टाकून बघणार. दुसरं, पीव्हीवॉट्स आपण काहीच न बदलता चालवलं तर एकूण तूट १४.०८ टक्के धरतं, त्यात धुळीचे फक्त २ टक्के. गळीत हंगामातल्या वाळवा-शिरोळला २ टक्के कसे पुरतील? हा आकडा आपल्यालाच ठरवायला हवा. तो कुठलाही परदेशी शास्त्रज्ञ मिरजेत येऊन ठरवणार नाही.

म्हणून एक विनंती. ज्यांच्या छतावर संच आहे त्यांनी दर महिन्याची युनिटं, संचाची क्षमता, गाव, आणि पॅनेल कधी धुतले एवढं इथे लिहा. कळव्याच्या काकांनी आणि वेधशाळाताईंनी तपासून द्यावं. आपली स्वतःची यादी होईल, ती सगळ्यांना मोकळी ठेवू.

शिवाजीनगर_वेधशाळा

तपासून देईन. पण धुतल्याची तारीख आठवणीने लिहू नका, कॅलेंडरवर खूण करा. आठवणीतल्या तारखा मी मोजमापात धरत नाही.

कळव्याचा_निवृत्त

मीही आहे. इन्व्हर्टरचा आकडा आणि महावितरणच्या मीटरचा आकडा वेगळे लिहा, मिसळू नका. घरातच थेट वापरलेली सौरवीज नेट मीटरवर दिसत नाही.

इचलकरंजी_धागेवाला

माझ्यापासून सुरुवात करतो, मागच्या वर्षीची युनिटं रात्री टाकतो. पण दुपारी चारनंतर शेजारच्या पाण्याच्या टाकीची सावली एका कोपऱ्यावर येते. असे आकडे चालतील का?

मिरजेचा_सूर्य

चालतील. सावली कुठल्या महिन्यात, किती वाजता आणि किती पॅनेलवर येते तेवढं सोबत लिहा.